एका रबराची बंदूक

मला एका जागी बसवत नाही. बायको म्हणते, "आवं, जरा बूड टेका की. पायाला काय चाकं लावल्यात?" मी बूड टेकतो आणि चहा येईपर्यंत परत उठलेला असतो. नळाचा वायसर बदलायचा, गाडीची चेन बघायची, नाहीतर उगाच गच्चीवर जाऊन टाकीत पाणी किती आलंय ते बघायचं. फौजेतून हवालदार म्हणून सुटलो, साताऱ्यात घर बांधलं, पोरगी लग्न होऊन तिच्या घरी गेली. आता माझ्याकडं दिवस भरपूर आहेत आणि त्यात घालायला काही नाही. टीव्हीवरच्या बातम्या ऐकता ऐकता मी टीव्हीशी भांडतो. बँकेच्या रांगेत उभा राहिलो तर पुढच्याच्या वतीनंही मीच भांडतो.

फक्त पाण्याखाली मी गप्प असतो. तिथं तोंड उघडता येत नाही हे एक कारण झालं, पण तेवढंच नाही. खाली गेलं की डोक्यातली मोटर बंद पडते. हिरवट उजेड असतो, कानावर दाब असतो, आणि आपण काय करायचं राहिलंय ते काही केल्या आठवत नाही.

माझं गाव आटपाडीकडं, घर मेंढरांमागं फिरणाऱ्यांचं. आमच्याकडं त्या काळात पाणी म्हणजे घागरीत मावणारी वस्तू. असल्या गावचा माणूस पाणबुड्या कसा झाला, असं लोक विचारतात. सोपं आहे. भरतीनंतर एकदा मैदानात उभं करून विचारलं, पोहायला कुणाला येत नाही त्यानं हात वर करा. सगळ्यांसमोर हात वर करायची लाज वाटली, म्हणून केला नाही. मग पोहणाऱ्यांच्या ओळीत गेलो, आणि पहिल्याच दिवशी तलावात दगडासारखा तळाला गेलो. शेजारच्या ओळीतल्या एका पोरानं मानगूट धरून मला वर काढलं. तो माझा जोडीदार. कृष्णाकाठचा, सांगलीच्या वरच्या अंगाचा, ऊसवाल्या घरातला. चालायच्या आधी पोहायला शिकलेला.

त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याला ते आवडायचं नाही आणि मला शिव्या खायची हौस नाही. फौजेत आम्हाला सगळे 'जोडी' म्हणायचे, कारण पाणबुड्यांचा नियमच तसा असतो. एक खाली, एक वर. खालचा श्वास रोखून काम करतो, वरचा त्याच्यावरनं नजर काढत नाही. खालच्याला काही झालं तर वरच्यानं बुडी मारायची. हा नियम आम्ही नोकरी सुटल्यावरही मोडला नाही.

रबराच्या बंदुकीचा नाद लागला तो समुद्राकाठी पोस्टिंग असताना. तिथली कोळ्याची पोरं एक लाकडी दांडा घेऊन पाण्यात उतरायची. दांड्यावर स्टीलची टोकदार सळी. दांड्याच्या तोंडाला जाड रबराचा फास, तो छातीशी ताणून सळीच्या खाचेत अडकवायचा, मुठीपाशी घोडा दाबला की सळी सुटते. सगळी मिळून एक मोठी बेचकीच. आम्ही दोघं तिच्यावर भाळलो. सुटून घरी आल्यावर आपापल्या बंदुका केल्या. पाटणच्या वरच्या बाजूला एक तलाव आहे, तिथल्या मच्छीमार सोसायटीनं आम्हाला फक्त चिलापी मारायची परवानगी दिली. ती बाहेरून आलेली मासळी, दुसऱ्यांची अंडी खाते, म्हणून सोसायटीवाले तिच्यावर तसेही चिडून असतात. दर रविवारी मी साताऱ्याहून आणि तो त्याच्या गावाहून असे तलावावर भेटायचो. माझा बाकीचा आठवडा त्या रविवारची वाट बघण्यात जायचा, हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. तिला माहीतच होतं.

त्याच तलावात एकदा मला झोप लागली. श्वास रोखून खाली जास्त थांबलं आणि हवा संपली की वर येता येता माणूस बेशुद्ध पडतो, त्याला आम्ही पाण्यात झोप लागणं म्हणतो. चिलापीचा एक मोठा नग कपारीत शिरला होता, आणि मला थांबता येत नाही हे तर सांगितलंच. पुढचं मला काहीच आठवत नाही. काठावर सोसायटीचा माणूस होता, त्यानं नंतर सांगितलं, की जोडीदारानं डाव्या हातानं माझा कमरेचा पट्टा धरला होता आणि उजव्या हातानं पाणी मारत तो मला वर घेऊन आला. शुद्धीवर आलो तेव्हा तो शेजारी बसून धापा टाकत होता. म्हणाला, "लय जड हायस लेका. भात कमी खात जा." त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

मागच्या दिवाळीनंतर त्याला झटका आला. हलकाच होता. मिरजेला दवाखान्यात नेलं, चालत घरी आला, बोलणंही नीट झालं. फक्त डावा हात मागं राहिला. पेला धरता यायचा, पण पेल्यात पाणी असलं की बोटं सैल पडायची. मी भेटायला गेलो तेव्हा तो अंगणात बसून रबरी चेंडू दाबत होता आणि त्या चेंडूला शिव्या देत होता. मला बरं वाटलं. शिव्या देतोय म्हणजे माणूस शाबूत आहे.

पण उन्हाळा तोंडावर आला, तलावाचं पाणी नितळ झालं, आणि मी फोन केला तर म्हणाला, "मी आता पाण्यात येत न्हाई."

"का रं?"

"हात न्हाई चालत गड्या."

एवढंच बोलला आणि उसाच्या पाण्याच्या पाळीचं सांगायला लागला. मी फोन ठेवला आणि घरात येरझाऱ्या घालायला लागलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "काही झालं नाही, त्याला रबर ओढता येत नाही, एवढंच. त्यावर उपाय आहे." ती म्हणाली, "त्येनी असं सांगितलं व्हय?" मी म्हटलं, "सांगायला कशाला पाहिजे? मला कळत नाही काय?"

आता इथं आमच्या भागातल्या माणसांची एक खोड सांगितली पाहिजे. आम्ही मानाच्या माणसाला कमी देत नाही. पाहुण्याच्या ताटात एकच भाकरी वाढली तर वाढणारीला सासूची नजर सोसावी लागते. पोट भरलेलं असलं तरी दुसरी पडतेच, आणि पाहुणा "बास, बास" म्हणत ताटावर आडवा हात धरतो, तो हात चुकवून तिसरी टाकायचं कसब आमच्या बायकांच्या अंगात असतं. बैलाला घुंगुरमाळ घालायची तर एक घालून भागत नाही. मिरवणुकीत स्पीकर लावायचा तर शेजारच्या गावाच्या काचा हादरल्या पाहिजेत. जोडीदाराची जुनी बंदूक तीन रबरांची होती. झटक्यानं हात गेलेल्या फौजीला मी आता एका रबराची बंदूक नेऊन द्यायची? आमच्या डोक्यात एक रबर म्हणजे पोरांची बेचकी. तो काय म्हणेल? माझी कीव करतोस काय, म्हणेल. मी त्याच्या जागी असतो तर तीच बंदूक देणाऱ्याच्या टाळक्यात घातली असती.

म्हणून मी तीन रबरांचीच केली. ओढायला त्रास होऊ नये म्हणून दोरीचा एक आकडा केला. दोरी पोटाच्या पट्ट्याला, आकडा रबराच्या फासाला, आणि अंग मागं टाकलं की एका हातानं काम होतं. दांडा सागवानाचा, पण पेलायला सोपा म्हणून तासून बारीक आणि हलका केला. सळीही बारीक घेतली, म्हणजे वेगानं जाईल. सांगलीच्या एका लेथवाल्याकडून टोक करून घेतलं. कामात असेपर्यंत मी घरात कुणाशी भांडलो नाही. बायकोला वाटलं आजारी आहे.

बंदूक घेऊन त्याच्या मळ्यात गेलो. त्याची विहीर मोठी, पायऱ्यांची, पाणी वरपर्यंत आलेलं. थर्माकोलचा माशाएवढा तुकडा दोरीनं दगडाला बांधून समोरच्या बाजूला पाण्यात सोडला. तो नको नको म्हणत होता, पण बंदूक हातात आल्यावर त्याचे डोळे बदलले. मला ते बघायचंच होतं. आकड्यानं त्यानं एक एक करून तिन्ही रबरं चढवली. वहिनी विहिरीच्या काठावर पदर खोचून उभ्या होत्या. तीन रबरं बघून म्हणाल्या, "भावजी, तीन तिगाडा काम बिगाडा."

मी म्हटलं, "वहिनी, ते ताटात वाढायचं. बंदुकीला लागू नाही."

तो पायरीवर छातीएवढ्या पाण्यात बसला, चष्मा लावला, डोकं खाली घातलं, हात लांब केला. मी शेजारी पाण्यात डोकं घालून बघत होतो. घोडा दाबला. सळी कुठं गेली ते मला दिसलंच नाही. दिसलं ते एवढंच, की बंदूक उलटी मागं आली, तिचं तोंड वर उडालं आणि मुठीमागचं लाकूड त्याच्या गालफडावर बसलं. तीन रबरांची बंदूक तो नेहमी दोन हातांनी धरायचा, डावा हात मागं टेकू द्यायला. तो टेकू आता नव्हता. रबर चढवायची सोय मी केली होती, सोडायची केली नव्हती.

तो वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं. सळी थर्माकोलच्या वरून जाऊन विहिरीच्या दगडावर आपटली होती आणि टोक वाकलं होतं. वहिनींनी माझ्याकडं पाठ केली, ते जास्त लागलं. त्यानं रुमालानं नाक दाबलं, बंदूक माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "बास झालं आता. जा तू साताऱ्याला."

"अरे, थोडं चुकलंय, मी दुरुस्त—"

"जा म्हणलं न्हवं?"

आणि तो ओल्या कपड्यांनी उसाला पाणी धरायला निघून गेला. मी गाडीला किक मारली. ती लागेना. मी गाडीला इतक्या शिव्या घातल्या की वहिनी घरात गेल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझ्या बायकोला विचारा. जेवताना मी हात लांब करून बघायचो, पानातल्या भाकरीवर नेम धरायचो. ती म्हणाली, "येवढं वाटतंय तर जाऊन दोन शब्द बोला की त्येंच्याशी." बोलणं हे माझं काम नाही. मी बोललो की भांडण होतं. मी वडूजला माझ्या मेहुण्याकडं गेलो.

बायकोचा हा धाकटा भाऊ गलाई धंद्यातला. आमच्याकडची पुष्कळ माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामाला देशभर जातात, त्याला गलाई म्हणतात. तो दक्षिणेत बरीच वर्षं भट्टीपुढं बसून परत आलेला, आणि आता माळावर शेततळं करून डाळिंब लावलेला. तळ्याला प्लास्टिकचा कागद. मी बंदूक घेऊन तळ्यात उतरलेलो बघून त्याचा जीव वर-खाली व्हायला लागला. "दाजी, कागदाला भोक पडलं तर बागंला पाणी तुमी कुठनं देनार?" शेवटी समोरच्या बाजूला ट्रॅक्टरचा जुना टायर सोडला, त्याला आतून पोतं बांधलं, तेव्हा तो गप्प झाला. तरी काठावर उकिडवा बसून कागदाकडंच बघत होता.

छातीएवढ्या पाण्यात उभा राहून मी मूठ मुद्दाम सैल धरली, म्हणजे बंदूक काय करते ते तिचं तिला करू द्यायचं. आणि मला ते दिसलं, जे इतक्या वर्षांत माझ्या मनगटाच्या मस्तीमुळं दिसलं नव्हतं. रबर सळीला पुढं ढकलतं तेवढंच बंदुकीला मागं ढकलतं. सळी अजून दांड्यावरून पुरती सुटलेली नसते, तोवर बंदूक मागं सरायला लागते आणि तिचं तोंड वर उचलतं. म्हणजे नेम आपण धरतो एकीकडं आणि सळी जाते दुसरीकडं. त्यात बारीक सळीला तीन रबरांचा नेट लागला की ती जाता जाता वेताच्या छडीसारखी लवते. जोर वाढवला की मासा जास्त लांबून मारता येतो, हा आमचा सगळ्यांचा समज. खरं तर जोर वाढवला की मासा जास्त लांबून चुकतो. आणि चुकला की आम्ही काय करायचो? अजून एक रबर लावायचो.

एक रबर काढलं. सळी टायरच्या वरच्या कडेला लागली. दुसरं काढलं. सळी जरा हळू गेली, पण पोत्याच्या मधोमध. मला आनंद व्हायला पाहिजे होता. माझं डोकं फिरलं. मधोमध लागली ती एका रबराची, आणि एक रबर तर मला न्यायचं नव्हतं.

मी पाण्यात उभा राहून त्या रबराला बोलत होतो तेव्हा मेहुणा म्हणाला, "दाजी, ती बंदूक लय हलकी दिसतीया. मूस हलकी असली की वततानाबी हात हालतो." मूस म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, त्याच्यापुरतं त्यानं ते भट्टीचं सांगितलं. पण मी पाण्यातून बाहेर आलो तो तडक त्याच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये, जिथं त्याची जुनी भट्टी झाकून ठेवली होती.

धक्का बंदुकीला बसणार हे ठरलेलं. हलक्या बंदुकीला बसला तर ती उडते, जड बंदुकीला बसला तर ती जागची हलत नाही. मग जड करायची. पण नुसती जड केली तर पाण्यात बुडेल, हात दुखेल. म्हणून दांडा नवा केला, आधीच्यापेक्षा चांगला जाड. लाकूड जाड झालं की तरंगायला बघतं. त्याच्या पोटात खाचा करून शिसं घातलं की बुडायला बघतं. दोघांची मारामारी बरोबरीत सुटली की बंदूक पाण्यात सोडू तिथं राहते. टायरवाल्याकडून चाकाला लावायचे शिशाचे जुने तुकडे आणले. मेहुण्यानं ते वितळवले, आणि ज्या हातानं सोनं ओतलं त्या हातानं, तोंडाला रुमाल बांधून, लोखंडी साच्यात शिसं ओतून त्याच्या कांड्या पाडून दिल्या. त्या आम्ही खाचांत बसवल्या. तोंडाकडं जास्त, मुठीकडं कमी, म्हणजे तोंड वर उचलायला बघेल तेव्हा वजन त्याला खाली धरेल. सळी जरा जाड घेतली, लवू नये म्हणून. रबर एकच, पण जाड, आणि आडवं सारखं ओढलं जावं म्हणून फासाच्या मधोमध खूण केली. एका बाजूनं जास्त ओढलं तर वढाळ बैलाची जोडी जशी तास वाकडं करते, तशी सळी वाकडी जाते. तळ्यात उतरून मारून बघितली. परत मारली. मुठीत नुसतं कुणीतरी हात दाबल्यासारखं वाटायचं. सळी पोत्यात.

आणि गंमत अशी, की ती जमिनीवर उचलली तर खांदा वाकायचा. ही बंदूक कुणी हातात घेतली तर तिला पोरांची म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. मानही राहिला आणि गालफडही. मी त्या दिवशी मेहुण्याच्या घरी तीन भाकरी खाल्ल्या.

या वेळी मी त्याच्या गावाला गेलो नाही. वहिनींना फोन करून सांगितलं, की रविवारी त्याला तलावावर पाठवा, सोसायटीच्या माणसाकडं काम आहे. खोटं होतं, आणि वहिनींना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "भावजी, या वक्ताला नाक फुटलं तर तुमचंबी फुटंल."

तो पुतण्याच्या गाडीवर मागं बसून आला. पुतण्या त्याला सोडून बाजाराला निघून गेला. मला बघून त्याची मुद्रा आंबट झाली, पण मी बंदूक सरळ त्याच्या उजव्या हातात दिली. त्याचा हात खाली गेला. त्यानं ती परत तोलून बघितली, तोंडाकडचं वजन जोखलं.

"लय जड हाय रं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला जे पाहिजे होतं ते होतं.

"असणारच. पोरखेळ आहे काय?"

"रबर एकच?"

"तू मारून तर बघ."

काठाजवळ, पायाखाली दगड लागतो तिथं तो उतरला. आकडा लावून रबर चढवलं. पाण्यात बंदुकीचं वजन गायब झालं तसा तो माझ्याकडं बघून चष्म्याआडून हसला. मग डोकं खाली गेलं. मी शेजारी तरंगत बघत होतो. दगडांच्या मधून एक चिलापी बाहेर आली, थांबली. त्याचा हात लांब झाला. घोडा दाबला, आणि बंदूक जागची हलली नाही. सळी माशाच्या डोळ्यामागं, जिथं मारावी तिथं. मासा फडफडलासुद्धा नाही.

मी वर येऊन ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही. त्याच्या पाठीत गुद्दा घातला, त्याच्या हातातला मासा घेतला, म्हटलं, "बास. ठरलं. आता पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्या. खालच्या कपारीकडं जाऊ. तिथं मोठी आहेत." मी बोलतच होतो. माझं बोलणं सुरू झालं की मला समोरच्याचं तोंड दिसत नाही. बऱ्याच वेळानं दिसलं.

त्यानं बंदूक माझ्याकडं दिली. "झ्याक झालीया गड्या. असली बंदूक म्या आजवर हातात धरली न्हवती. पर म्या येनार न्हाई."

माझा ताबा सुटला. म्हटलं, मी इतके दिवस काय झक मारली काय? शिसं ओतलं, मेहुण्याच्या तळ्याची वाट लावली, ज्या माणसाला धड पेला धरता येत नाही त्याला गोळीसारखी मारता येईल अशी बंदूक केली, आणि तू न्हाई म्हणतोस? मारलास ना आत्ता मासा? एका हातानं मारलास ना? मग हात चालत नाही म्हणजे काय चालत नाही तुझं?

तो काठावरच्या दगडावर बसला. डावा हात मांडीवर ठेवला, एखादं दुसऱ्याचं सामान ठेवावं तसा.

"बंदूक मारायला एक हात बास हाय रं," तो म्हणाला. "तुला वर काडायला दोन लागत्यात."

मी मासा हातात धरून उभा होतो. तो मासा कुठं ठेवायचा ते मला कळेना.

"तू खाली ग्येलास की म्या वर बसून काय करू? बगत बसू? तुला झोप लागली तर? तू थांबत न्हाईस. तुला थांबता येत न्हाई. म्हणून म्या येत न्हाई. म्या न्हाई आलो की तू खाली जात न्हाईस, येवढं मला म्हाईत हाय. नेम तू मोडत न्हाईस."

नेम, म्हणजे तो नियम. एक खाली, एक वर. त्यानं पाणी सोडलं होतं ते मी जिवंत राहावं म्हणून. आणि मी त्याच्यासाठी रबरं मोजत बसलो होतो. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, कारण तोंड तसंही ओलं होतं, आणि त्याच्यापासून लपवून काय उपयोग, त्यानं मला याहून वाईट अवस्थेत पाहिलेलं आहे.

तो म्हणाला, दुसरा जोडीदार बघ, एखादा तरणा. मी म्हटलं, तरणा काय बाजारात मिळतो काय? त्यानं मासा माझ्या हातातून घेतला आणि खवले काढायला लागला. एका हातानं जमेना म्हणून पायाखाली शेपूट धरली.

मी उठलो. पाण्यात गेलो, कमरेच्या जरा वर येईल एवढ्या पाण्यात, आणि त्याला म्हटलं, "ये इकडं." मग श्वास सोडला आणि पालथा पडलो. हात-पाय ढिले सोडून, मेल्यासारखा. कान पाण्यात गेले तसा आवाज बंद झाला. मी काहीच केलं नाही. हलायचं नाही, वळायचं नाही, त्याला मदत करायची नाही. आयुष्यात मला एवढं अवघड काही वाटलं नव्हतं. मग पट्ट्याला हिसका बसला. तो एका हातानं मला उलटा करत होता, शिव्या देत होता, पाणी माझ्या तोंडावर उडत होतं. दगडावर टाचा घासत मी काठाला लागलो.

"लय जड हायस लेका," तो धापा टाकत म्हणाला.

"जमलं का?"

"जमलं."

"मग थोडं खोल बघू."

आम्ही थोडं खोल बघितलं. मग अजून थोडं. गळ्याएवढ्या पाण्यातही त्यानं मला आणलं, पण तिथून पुढं, पाय टेकत नाहीत तिथं, तो थांबला आणि मान हलवली. काठापासून आमच्या बोयापर्यंत, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणेच्या डब्यापर्यंत, एक दोरी असते, तिला त्यानं तिथं दातानं ओढून गाठ मारली. ती आमची हद्द. गाठीच्या आत मी जातो, गाठीच्या बाहेर जात नाही.

आता रविवारी आम्ही तेवढ्याच पाण्यात असतो. तिथं मासे बोटभर लांबीचे असतात, सळीपेक्षा जरा जाड. मोठी चिलापी कपारीकडं असते आणि ती मला वरून दिसते. माझे पाय तिकडं वळायला बघतात. बंदूक आम्ही आळीपाळीनं घेतो, आणि एका रबराचं मला काही वाटत नाही. मी डोकं खाली घातलं की माझ्या पट्ट्यावर त्याचा हात येऊन बसतो. कधीकधी तो डावा असतो. त्यात धरायची ताकद नाही, हे त्यालाही माहीत आहे. तरी तो ठेवतो, आणि मी थांबतो.